कोऱ्या खांबांची ओळ

तपासणीच्या बाई गुरुवारी येणार, असं वनखात्याचं पत्र सोमवारी आलं. ह्यांनी ते उभ्यानेच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आज गवत काढून घ्यायला हवं."

पाच वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याकडच्या तुकड्यात खात्याने खांब पुरले होते. तो तुकडा त्यांनी मुद्दाम निवडला. बारा महिने ओल, त्यात वाळवी. लाकूड कुजवायला अशी जमीन शोधून सापडायची नाही. सहा ओळी आणि ओळीत दहा खांब, एकाच झाडीतले, एकाच जाडीचे, बाईंनी समोर उभं राहून कापून घेतलेले. पहिली ओळ कोरी, म्हणजे तिला काहीही लावलेलं नाही. दुसरीला डांबर, तिसरीला गाडीचं जळकं तेल, चौथीचे बुंधे जाळावर भाजलेले, पाचवी मोरचुदाची, सहावी कारखान्यातून औषध भरून आलेली. प्रत्येक खांबाला पत्र्याची आकडे कोरलेली बिल्ली.

पाचवी ओळ आमच्या हातची. मामंजींच्या तरुणपणापासून घरात हेच काम. तोडल्या दिवशीच खांब सालीसकट मोरचुदाच्या पाण्यात बुडावर उभा करायचा. आपण झाडापासून तुटलोय हे लाकडाला कळायच्या आत ते पाणी वर ओढून घेतं. दहाएक दिवसांनी शेंड्याला हिरवट ओल दिसली की खांब तयार. आसपासच्या सगळ्या बागांची कुंपणं आमच्याच खांबांवर उभी होती. आता मात्र बागवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं, की यापुढे सगळ्यांनी एकाच जातीचे खांब घ्यायचे. खात्याने मोरचूद टिकतं असं लिहून दिलं तर आमचे, नाहीतर सिमेंटचे.

सिमेंटचे खांब ओतणारा रस्त्याच्या पलीकडेच होता. माणूस तोंडाने गोड. जाता-येता थांबायचा आणि ह्यांना म्हणायचा, "तुमच्या खांबाला पाऊस लागतो, ऊन लागतं, वाळवी लागते. माझ्या खांबाला फक्त गिऱ्हाईक लागतं." आणि स्वतःच हसायचा.

दुपारी आम्ही दोघं विळे घेऊन तुकड्यात उतरलो. गवत कमरेएवढं झालं होतं. बुडाशी पाणी, त्यामुळे वाकून कापताना हात गार पडत आणि पाठ उन्हाने भाजत होती. पहिल्या ओळीच्या तिसऱ्या खांबापाशी कंबर धरून आली म्हणून मी सरळ झाले आणि खांबाला हात टेकला. मग नुसता टेकवलेला हात जरा दाबला. मग खांदा लावून रेटलं. खांब हलला नाही.

"अहो, हा कोऱ्यातलाच ना?"

ह्यांनी बिल्ली पाहिली. "कोराच आहे."

"मग हा पडत का नाही?"

विळा गवतात टाकून त्यांनी ओळीतला एकेक खांब हलवून पाहिला. ओढ्याच्या काठाशी उतारावरचे दोन तिसऱ्या वर्षीच मोडले होते, त्यांचे नुसते खुंट उरले होते. बाकीचे आठ पहिल्या दिवसासारखे उभे.

तिसऱ्या वर्षी बाई आल्या होत्या तेव्हाच त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं होतं. "दुसरीकडे कोरे खांब तीन वर्षांत निम्म्याहून जास्त जातात," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्याकडे दोनच गेले. पाचव्या वर्षीही हे असेच उभे राहिले तर मला लिहावं लागेल की या जमिनीत लाकूड कुजतच नाही. मग इथली कुठलीच ओळ धरता येणार नाही."

ह्यांनी तेव्हा हसून मान डोलावली होती. आमची जमीन लाकूड कुजवत नाही, हे ऐकून आम्हांला हसूच आलं होतं. गोठ्यामागचं उरल्यासुरल्या कोऱ्या लाकडाचं कुंपण दर दोन वर्षांनी बदलणारी माणसं आम्ही.

मी गुडघ्यावर बसून त्या तिसऱ्या खांबाच्या बुडाची माती खुरप्याने उकरली. वरची दोन बोटं साधी निघाली. खाली माती काळी, तेलकट, गोळा होऊन खुरप्याला चिकटणारी. मी ती नाकाशी नेली. जळकं तेल आणि त्यात डांबर. हे मिश्रण कोणाचं ते मला वासावरून कळलं. घरात एकच माणूस असं तेल करतो. चुलीवर डबा ठेवून, काठीने ढवळत, डांबर विरघळेपर्यंत.

"मामंजी," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्या हातातली माती घेतली, बोटांत चोळली आणि पँटला पुसली. घराकडे ते इतक्या लांब ढांगा टाकत निघाले की मला मागून धावावं लागलं.

मामंजी ओट्यावर खाटेवर बसून दोरी वळत होते. त्यांची नजर बरीच गेली होती, पण हात चालू असत.

"बाबा, कोऱ्या खांबांना तेल कोण लावतं?"

"मी लावतो." त्यांनी दोरीवरून मान वर केली नाही. "पावसाच्या आधी एकदा, पाऊस गेल्यावर एकदा. ओढ्याकडच्या दोघांपाशी मला उतरता येत नाही. ते गेले बिचारे."

"बाईंनी तुम्हांला सांगितलं नव्हतं, खांबांना हात लावायचा नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. म्हणाल्या, आजोबा, औषध लावलेल्या खांबांना हात लावायचा नाही. मी लावलाय? विचार तुझ्या बायकोला. त्या पाच ओळींकडे मी फिरकलोसुद्धा नाही."

हे खाली बसले. ओट्याच्या पायरीवर, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये सोडून.

"कोरे खांब कुजायलाच पुरले होते, बाबा."

"कुजायला कोण खांब पुरतं?" मामंजींनी दोरी खाली ठेवली. "मला वाटलं, लावायचं राहून गेलं. खात्याची माणसं, कामं अर्धवट टाकून जातात. रस्त्यावरून दिसतात ते. उद्या पडले तर लोक काय म्हणतील? यांच्या रानातले खांब पडले म्हणतील. पन्नास वर्षांत माझा खांब कुणाच्या दारात पडला नाही."

"ते तुमचे नव्हते."

"माझ्या रानात आहेत ना?"

यावर हे जे बोलले ते मी लिहीत नाही. बापाला कोणी बोलू नये असं ते होतं. मामंजींनी ऐकून घेतलं. मग हात पुढे धरून नखांत बसलेलं काळं बघत राहिले. दिसत होतं की नव्हतं कोण जाणे.

रात्री कोणी नीट जेवलं नाही. मंगळवारी ह्यांनी दिवसभर काही ठरवलं नाही, म्हणजे ठरवलं होतं पण मला सांगितलं नाही. संध्याकाळी गोठ्यामागे उभे राहून जुन्या कुंपणाकडे बघत होते, तेव्हा मला कळलं.

"नका करू," मी म्हटलं.

"मग काय करू? सांग तू. बाईला सांगू, की माझ्या बापाने तुमची पाच वर्षं तेलात घातली?"

"तेच सांगा."

"आणि ती लिहील, तुकडा बाद. मग? रस्त्यापलीकडे घमेली उचलायला जाऊ?"

याची उत्तरं मला नंतर पुष्कळ सुचली.

बुधवारी उजाडताच कामाला लागलो. गोठ्यामागच्या कुंपणात कोऱ्या लाकडाचे जुने खांब होते, बुडाशी कुजून पोखरलेले. ते ओढून काढले की मातीच्या रेषेवर मोडतात. म्हणून भोवतीने हातभर खणायचं, मग म्हाताऱ्या माणसाला जपून उठवावं तसं दोघांनी धरून उचलायचं. पहिले दोन हातातच मोडले. तिसऱ्यापासून हात बसला. तारा सोडवून, खिळे उपटून, सहा खांब गाडीवर आडवे घातले. वाळवीची माती झडू नये म्हणून खाली गवत अंथरलं.

तुकड्यातले चांगले खांब उपटणं त्याहून अवघड. पहारीने माती सैल करायची, खांबाला दोर बांधून डावी-उजवीकडे हिसडे द्यायचे. पाचव्या खांबाच्या वेळी पहार निसटून ह्यांच्या नडगीवर बसली. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही. रक्त मातीत पुसलं आणि पुन्हा पहार घातली. माझ्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. जुना खांब खड्ड्यात उतरवायचा, माती थोडी थोडी लोटायची, पायाने दाबायची. फार दाबली तर खांब मोडायचा, कमी दाबली तर ताजी दिसायची. मग वरून पाणी, वर गवताची मुळं.

बिल्ल्या ह्यांनी चिमट्याने काढून एकेक माझ्या हातात दिल्या. आकडे मला तेव्हा कळत नव्हते. ते दाखवतील त्या खांबाला मी ठोकत गेले. हातोडीचा प्रत्येक ठोका कुजक्या लाकडात भस्सकन जायचा.

दुपारी मान वर केली तर बांधावर मामंजी उभे होते. काठी टेकून, चेहरा आमच्याकडे, पण थोडा चुकीच्या दिशेला.

"कशाचा आवाज येतोय?"

"काही नाही, बाबा. तुम्ही घरी जा."

"खांब उपटताय." त्यांनी कान आमच्याकडे केला. "माझे उपटताय."

"घरी जा म्हटलं ना. आणि उद्या ओट्यावरून खाली उतरायचं नाही. बाई येऊन जाईपर्यंत नाही."

ते गेले. संध्याकाळी मी पाहिलं तर न्हाणीपाशी बसून घासलेटच्या चिंधीने हात पुसत होते. नखं, पेरं, तळव्याच्या रेषा. मी म्हटलं, पुरे आता मामंजी, कातडं निघेल. ते म्हणाले, "निघालं पाहिजे ना, सूनबाई."

गुरुवारी दहाच्या सुमारास बाई आल्या. बुटक्या, उन्हाने रापलेल्या, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. हातात वही, खांद्यावर पिशवी, पिशवीत ताणकाटा आणि टोच्या. खांबाच्या माथ्याला पट्टा घालायचा, ताणकाटा अडकवायचा आणि काटा ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत ओढायचं. मोडला तर गेला. नाही मोडला तर बुडाशी टोच्या खुपसून किती आत जातो ते लिहायचं. त्यांच्या मागोमाग सिमेंटवालाही आला. कोणी बोलावलं नव्हतं.

"शिकायला आलो," तो म्हणाला. "लाकूड कसं मरतं ते बघावं म्हटलं."

"सावलीत उभे राहा," बाई म्हणाल्या. "माझ्या पट्ट्याच्या वाटेत येऊ नका."

पहिला खांब निम्म्या ताणातच मोडला. भुगा उडाला, वाळवी बाहेर सांडली. बाईंनी लिहिलं. दुसरा मोडला. हे माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. तिसरा मोडला. चौथा आम्ही न बदललेल्या दोघांपैकी, तो उभा राहिला. पाचवा मोडला.

"बरं झालं," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "मला काळजी होती, भाऊ. आता तुमची जमीन बोलायला लागली."

हे हसल्यासारखं काहीतरी हसले.

सहावा मोडून पडला तो नेमका बाईंच्या बुटांवर. त्यांनी तो बाजूला करायला वाकून उचलला आणि उचललेलाच हातात धरून ठेवला. मग अंगठ्याने त्याच्या अंगावरून फिरवलं. वरपासून खाली, तीन ठिकाणी अंगठा थांबला.

"हे काय आहे?"

बाईंनी खांब उन्हाकडे धरला.

"तारेचे चट्टे आहेत हे. दोन-दोन वर्षं तार घासली की पडतात. या खांबांना तार कधी बांधली होती, भाऊ?"

"ते... गेल्या साली गुरं शिरायची म्हणून जरा वेळ..."

बाईंनी मोडलेले बाकीचे तुकडे ओढून शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येकावर तीन चट्टे, त्याच उंचीवर. दोघांत खिळ्यांची गंजकी भोकं. मग त्या खड्ड्यापाशी बसल्या आणि मातीत बोटं घालून पाहिली. गवताची मुळं अलगद उचलली गेली.

सिमेंटवाला पुढे आला. "म्हणजे खांब चालून आले म्हणायचे," तो म्हणाला. या वेळी तोसुद्धा हसला नाही.

बाईंनी वही मिटली. "ही ओळ बदललीत. मग पाचवी बदलली नाही हे मी कशावरून धरू? तीही परवाच भिजवून पुरली असेल."

खोटं पकडलं जाईल ही भीती आम्हांला होती. पण त्या खोट्याने आमचं खरंही बुडेल हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. पाचवी ओळ बाईंच्या मागे उभी होती, पाच वर्षं एकाच जागी, आणि तिच्याकडून बोलायला कोणी नव्हतं.

"पाचवीला कोणी हात लावलेला नाही, बाई," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "कोऱ्यांना लावला. आधी मामंजींनी तेल लावलं, कुजू नयेत म्हणून. मग काल आम्ही बदलले, कुजलेले दिसावेत म्हणून. खरे खांब आमच्या छपरामागे पडलेत. चला, दाखवते."

हे म्हणाले, "अगं..." आणि थांबले.

छपरामागे जायची वाट ओट्यावरूनच होती. मामंजी तिथे बसले होते, धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर पालथे ठेवून. बाईंची चाहूल लागली तसे उठून उभे राहिले.

"बाई आल्या का? मीच लावत होतो तेल. पोराचा दोष नाही. मला काम नीट समजलं नाही."

बाईंनी त्यांचे हात पाहिले. घासून घासून लाल झालेले, तरी रेषांतून काळं राहिलेलंच.

"तुम्हांला कोणी सांगितलं नाही का आजोबा, ते कोरे कशासाठी ठेवले ते?"

"नाही."

बाईंनी नजर वहीत घातली. सांगायचं काम त्यांचंच होतं, हे त्यांनाही आठवलं असावं.

छपरामागचे सहा खांब त्यांनी उलटेपालटे करून पाहिले, बुडाशी टोच्या खुपसला, तेल किती आत मुरलंय ते मोजलं. परत तुकड्यात आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "करवत आणा."

"कशाला?"

"पाचवीतला एक कापून दाखवा. आतून जुना आहे की नवा, ते तर लपवता येत नाही ना."

"कापला की तो खांब परीक्षेतून गेला, वहिनी," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे."

ह्यांनी करवत आणली. खांब मातीच्या रेषेवरच कापायचा होता, तिथेच लाकूड आधी मरतं. नडगी सुजली होती म्हणून त्यांना बसता येईना. शेवटी चिखलात आडवे झाले आणि पडल्या पडल्या कापू लागले. करवत सावकाश चालली. लाकूड टणक होतं, सुरसुर आवाज होता, भुशाला हिरवट रंग. कापून झाल्यावर बाईंनी खांबाचं कापलेलं तोंड पाण्याने पुसलं. मधला वाटीच्या बुडाएवढा गाभा सोडला तर सालीपर्यंत सगळं फिकट हिरवं, कुठे डाग नाही. बाहेरच्या अंगाला पाच वर्षांच्या पाण्याची रेघ, आणि त्या रेघेखाली वाळवीचे ओरखडे. वाळवी आली होती, चाखून परत गेली होती.

"ही रेघ दोन दिवसांत येत नाही," बाई म्हणाल्या. "खांब जुनाच आहे. आणि चांगला आहे."

ह्यांनी चिखलातून मान वर केली.

"पण मी लिहू काय, भाऊ? चांगला आहे, पण कशापेक्षा? कोरे किती दिवसांत गेले असते, ते आता मला कोण सांगणार? तुमच्या जमिनीने पाच वर्षं लाकूड खाल्लं की नाही, याचा साक्षीदार तुम्हीच तेलात बुडवला." त्यांनी वही उघडली, पान आडवं धरून एक रेघ मारली आणि मारताना आमच्याकडे पाहिलं नाही. "तुकडा बाद."

सिमेंटवाला खाकरला. "ऊन वाढलंय," म्हणाला आणि निघून गेला.

बाई मात्र गेल्या नाहीत. बांधावर बसून बुटातलं पाणी ओतलं. मग म्हणाल्या, "मला नव्याने धरता येईल. पाचव्या ओळीचे नऊ शिल्लक आहेत, त्यांना हलवायचं नाही. आज माझ्यासमोर, तेल न मुरलेल्या जागेत दहा कोरे पुरा. तीन वर्षांनी मी येईन. तोवर ते गेले आणि हे उभे राहिले, तर लिहिता येईल. पण बागवाले तीन वर्षं थांबायचे नाहीत, हे तुम्हीही जाणता."

"जाणतो," हे म्हणाले.

"मग? पुरायचे का?"

बांधावरून काठीचा आवाज आला. मामंजी ओट्यावरून उतरून इथवर आले होते. "कुदळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

दहा खड्डे पडेपर्यंत दुपार कलली. ह्यांनी सात खणले, मी दोन. एक मामंजींनी खणला, बसून, हाताने माती काढत. आमच्याच तोडीतले ताजे सोललेले पांढरे खांब, अंगावर काही न घातलेल्या माणसांसारखे. शेवटचा उतरवून झाला तेव्हा मामंजींनी त्याच्या बुडाशी तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाईंनी हटकलं नाही. मग त्यांनी हात काढून घेतला.

बागवाल्यांनी पुढच्या महिन्यात सिमेंटचे खांब ठरवले. आमच्याकडे राहिलं ते परसातल्या मांडवांचं, कोंबड्यांच्या खुराड्यांचं किरकोळ काम. पाऊस सुरू व्हायच्या आधी हे रस्त्यापलीकडे जायला लागले. साच्यात सळ्या बसवायच्या, माल ओतायचा, ओले खांब गोणपाटाने झाकायचे. सिमेंटवाला त्यांना काही लागेल असं बोलला नाही, उलट चहा स्वतः आणून द्यायचा. ते ह्यांना जास्त जड गेलं. संध्याकाळी घरी येत ते कोपरापर्यंत करडे होऊन. बोटांच्या बेचक्या चिरलेल्या. बापाशी कामापुरतंच बोलत.

मामंजी रोज सकाळी तुकड्यात जात. मी आधी मागून जाऊन बघत असे. हातात डबा नसे, चिंधी नसे. बांधावर दगडावर बसत, उठत, कोऱ्या ओळीतून चालत, प्रत्येक खांबाच्या बुडाशी वाकून नाक नेत, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवत. जोराच्या पावसात ते तिथेच पोतं पांघरून बसलेले दिसले, तेव्हा मी त्यांना ओढून घरी आणलं.

"त्यांना लागतंय, सूनबाई," ते म्हणाले. "ऐकू येतं मला."

पाऊस संपत आला होता. एका संध्याकाळी हे नुकतेच कामावरून येऊन न्हाणीपाशी हात धूत होते, मी तांब्याने पाणी घालत होते. मामंजी वाटेने येताना दिसले, नेहमीपेक्षा घाईने, काठी पुढे पुढे टाकत. आमच्यासमोर येऊन थांबले. धाप लागली होती. मूठ मिटलेली होती, ती त्यांनी ह्यांच्यापुढे उघडली. तळव्यावर नखाएवढं पांढरं भूछत्र होतं, आणि त्याला चिकटलेला लाकडाचा मऊ, ओला काप.

"चौथ्या खांबाला आलंय," ते म्हणाले. "मातीच्या रेषेवर. बोट आत जातं."

ह्यांनी ओल्या हाताने तो काप उचलला आणि चिमटीत दाबला. पाणी निघालं. ते इतक्या दिवसांनी बापाच्या तोंडाकडे सरळ बघत होते.

"दुसऱ्या कुठल्याला?"

"सातव्याचा वास बदललाय. उद्या-परवा तोही." मामंजींचा आवाज कामाच्या माणसाचा होता. "जाईल. दोन पावसाळे नाही काढायचा तो."

"बसा, बाबा," हे म्हणाले, आणि बाजूची घडवंची पायाने पुढे सरकवली.